नोंद, नजर आणि नियमन : कॅलिफोर्नियाच्या वाहनक्रमांक-वाचक कायद्याचे चिकित्सक परीक्षण

प्रस्तावना

रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनाचा क्रमांक ही गुप्त बाब नव्हे. तो सर्वांना दिसावा याच हेतूने शासन तो वाहनावर लावावयास सांगते. चौकात उभ्या असलेल्या पोलीस शिपायाने तो वाचला आणि आपल्या वहीत टिपून घेतला, तर वाहनमालकाच्या खासगीपणावर घाला पडला असे कोणी म्हणणार नाही. परंतु तोच क्रमांक शहरातील शेकडो ठिकाणी, अहोरात्र, यंत्राकडून टिपला जाऊ लागला आणि त्या सर्व नोंदी वर्षानुवर्षे एकत्र जपून ठेवल्या गेल्या, तर त्या कृतीचे केवळ प्रमाण बदलत नाही. तिचे स्वरूपच पालटते. शिपायाची वही क्रमांकांची यादी असते. यंत्राची साठवण ही माणसांच्या हालचालींची रोजनिशी होते, आणि ही रोजनिशी ज्यांच्याविषयी असते त्यांनी ती कधी लिहिलेली नसते, वाचलेली नसते व बहुधा तिचे अस्तित्वही त्यांना ठाऊक नसते.

स्वयंचलित क्रमांकपट्टी-वाचक यंत्रांच्या पोलिसी वापरावर बंधने घालण्यासाठी अमेरिकेतील अनेक राज्यांनी कायदे केले. त्यांपैकी कॅलिफोर्निया राज्याने २०१५ साली केलेला, 'सिनेट विधेयक ३४' या नावाने ओळखला जाणारा कायदा विशेष अभ्यसनीय आहे. त्यात पारदर्शकता आहे, उत्तरदायित्वाची भाषा आहे, नागरिकाला न्यायालयात जाण्याचा हक्कही आहे. असे असूनही अवघ्या चार-पाच वर्षांत या कायद्याचे अपयश शासनाच्याच लेखापरीक्षणातून उघड झाले. हे अपयश निव्वळ अंमलबजावणीचे होते की ते कायद्याच्या रचनेतच अनुस्यूत होते, या प्रश्नाचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखातील प्रतिपादन थोडक्यात असे : या कायद्याने नोंदींकडे कोणी पाहावे याचे नियमन केले, नोंदी किती काळ असाव्यात याचे केले नाही. आणि या विषयात दुसरा प्रश्न पहिल्याहून अधिक मूलभूत आहे.

१. यंत्र आणि त्याची नोंद

या तंत्राचा उगम ब्रिटनमध्ये १९७६ च्या सुमारास पोलीस दलाच्या वैज्ञानिक विकास शाखेत झाला. यंत्राचे कार्य समजण्यास सोपे आहे. रस्त्याकडेच्या खांबावर, पुलावर किंवा पोलिसांच्या गाडीवर बसविलेला कॅमेरा जाणाऱ्या प्रत्येक वाहनाच्या पट्टीचे छायाचित्र घेतो. संगणक त्या चित्रातील अक्षरे व अंक ओळखतो. त्यानंतर तो क्रमांक पोलिसांनी तयार केलेल्या शोधयादीशी ताडून पाहिला जातो. चोरीची वाहने, फरारी आरोपींची वाहने, बेपत्ता व्यक्तींशी संबंधित वाहने असे क्रमांक या यादीत असतात. जुळणी झाली की पोलिसांना तत्काळ सूचना मिळते.

येथपर्यंत यंत्राच्या उपयुक्ततेविषयी फारसा मतभेद नाही. प्रश्न उद्भवतो तो जुळणी न झालेल्या क्रमांकांविषयी. यादीत नसलेल्या वाहनाचा क्रमांक, छायाचित्र, दिनांक, वेळ आणि ठिकाण हा तपशीलही साठविला जातो. म्हणजे यंत्र एकाच वेळी दोन भिन्न कामे करीत असते. पहिले काम शोधाचे. त्यात संशयिताला गर्दीतून वेगळे काढले जाते. दुसरे काम संग्रहाचे. त्यात गर्दीचीच नोंद ठेवली जाते. ही दोन कामे एकाच कॅमेऱ्यातून होत असल्यामुळे ती एकच आहेत असा समज रूढ झाला आहे. वस्तुतः पहिल्या कामासाठी दुसऱ्याची आवश्यकता नाही. चोरीची गाडी पकडण्यासाठी तिच्या मागून-पुढून गेलेल्या हजार गाड्यांची नोंद जपावी लागत नाही.

यंत्राच्या चुकांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. सॅन फ्रान्सिस्को येथे २००९ साली यंत्राने क्रमांकातील ३ हा अंक ७ असा वाचला. परिणामी एका निरपराध महिलेला चोरीच्या वाहनाची चालक समजून पोलिसांनी बंदुकीच्या धाकावर गाडीबाहेर काढले, गुडघ्यांवर बसविले व हातकड्या घातल्या. क्रमांक डोळ्यांनी पडताळून पाहण्याची साधी दक्षता घेतली गेली नव्हती. हे प्रकरण पुढे संघीय अपील न्यायालयापर्यंत गेले आणि २०१४ साली त्या न्यायालयाने महिलेचा दावा ज्यूरीसमोर चालविण्याचा मार्ग मोकळा केला. अशी चूक निदान दिसते. तिचा बळी तक्रार करू शकतो. साठवणुकीतून होणारा अपाय मात्र बहुधा अदृश्य राहतो, आणि म्हणूनच त्याच्या नियमनाची जबाबदारी कायद्यावर अधिक येते.

२. २०१५ च्या कायद्याचा आशय

कॅलिफोर्नियाचे सिनेटर जेरी हिल यांनी मांडलेले हे विधेयक ऑक्टोबर २०१५ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०१६ पासून अमलात आले. राज्याच्या दिवाणी संहितेत त्याचा समावेश करण्यात आला. कायद्याच्या प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिली, यंत्रे चालविणाऱ्या व त्यांतील माहिती वापरणाऱ्या प्रत्येक संस्थेने वापर व खासगीपणाविषयी लेखी धोरण तयार करावे आणि संकेतस्थळ असल्यास ते त्यावर ठळकपणे प्रसिद्ध करावे. दुसरी, माहितीच्या सुरक्षिततेसाठी वाजवी उपाय योजावेत. तिसरी, यंत्रे चालविणाऱ्या संस्थेने साठविलेल्या माहितीत कोणी, केव्हा, कोणत्या क्रमांकासाठी व कोणत्या हेतूने शोध घेतला याची नोंद ठेवावी. चौथी, सार्वजनिक संस्थेने ही माहिती विकू नये आणि कायद्याने परवानगी असेल तेव्हाच ती दुसऱ्या सार्वजनिक संस्थेला द्यावी. पाचवी, नव्याने यंत्रणा सुरू करण्यापूर्वी सार्वजनिक सभेत नागरिकांना मत मांडण्याची संधी द्यावी. सहावी, कायद्याच्या भंगामुळे हानी पोहोचलेल्या व्यक्तीस दिवाणी दावा करता यावा. त्यात प्रत्यक्ष नुकसानीपोटी किमान २,५०० डॉलरची भरपाई मिळू शकेल.

या तरतुदींचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. २०१५ पूर्वी राज्यातील बहुसंख्य स्थानिक पोलीस दले कोणत्याही लेखी बंधनाविना ही यंत्रे वापरू शकत होती. यंत्रणा सुरू करण्यापूर्वी जनतेला विचारावे हा विचार लोकशाहीला पोषक आहे. शोध घेणाऱ्याने हेतू नोंदवावा ही अपेक्षा प्रशासकीय शिस्तीची आहे. तथापि कायद्याची खरी परीक्षा त्याच्या आशयसूचीवरून होत नाही. त्याची आज्ञार्थक वाक्ये कोणत्या बाबींना लागू होतात आणि कोणत्या बाबींपाशी थबकतात हे पाहावे लागते.

३. आज्ञा आणि वर्णन

या दृष्टीने कायद्याची भाषा बारकाईने वाचली असता एक लक्षणीय गोष्ट आढळते. 'तयार करावे', 'प्रसिद्ध करावे', 'नोंदवावे', 'सुरक्षित ठेवावे' ही क्रियापदे आज्ञा म्हणून येतात. 'नष्ट करावे' हे क्रियापद आज्ञा म्हणून कोठेही येत नाही. नष्ट करण्याचा उल्लेख आहे, परंतु तो धोरणात वर्णन करावयाच्या अनेक बाबींपैकी एक म्हणून. माहिती किती काळ ठेवली जाईल आणि ती नष्ट करावयाची की नाही व केव्हा, हे ठरविण्याची पद्धत कोणती, हे संस्थेने आपल्या धोरणात सांगावे, एवढीच कायद्याची अपेक्षा आहे.

याचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट आहे. एखाद्या पोलीस दलाने 'आम्ही नोंदी ३० दिवस ठेवू' असे लिहिले तरी कायद्याचे पालन होते, आणि 'आम्ही नोंदी पाच वर्षे ठेवू' असे लिहिले तरीही होते. पाच वर्षे का, याचे समर्थन देण्याची सक्ती नाही. म्हणजे नियम्य संस्थेनेच नियम ठरवावा आणि तो प्रसिद्ध केला की नियमन पूर्ण झाले असे मानावे, अशी ही रचना आहे. घरमालकाने भाडे किती घ्यावे हे न सांगता 'जे घ्याल ते पाटीवर लिहा' असे सांगणाऱ्या भाडेनियंत्रण कायद्याशी तिची तुलना करता येईल. पाटीमुळे भाडेकरूला भाडे कळते. ते कमी होत नाही.

विशेष म्हणजे मर्यादा घालणे विधिमंडळाला अपरिचित नव्हते. राज्याच्या महामार्ग पोलिसांनी अशा नोंदी ६० दिवसांपेक्षा अधिक काळ ठेवू नयेत, पुरावा वा गंभीर गुन्ह्यांचा तपास यांचा अपवाद वगळता, अशी तरतूद त्याच राज्याच्या वाहन संहितेत २०१५ पूर्वीपासून होती. राज्याच्या एका पोलीस दलाला लागू असलेली मर्यादा शहरांच्या व परगण्यांच्या पोलिसांना मात्र लागू करण्यात आली नाही. एकाच रस्त्यावरून जाणाऱ्या एकाच नागरिकाची नोंद कोणत्या गणवेशाच्या कॅमेऱ्याने घेतली यावर तिचे आयुष्य अवलंबून राहावे, ही विसंगती कायद्याने दूर केली नाही.

दिवाणी दाव्याच्या हक्काचीही अशीच अवस्था आहे. हानी पोहोचलेल्या व्यक्तीला दावा करता येतो. परंतु आपल्याला हानी पोहोचली हे तिला कळणार कसे? आपल्या वाहनाची नोंद कोणी पाहिली याची वही पोलिसांच्याच ताब्यात असते आणि ज्याची नोंद पाहिली त्याला ते कळविण्याचे बंधन नाही. ज्याला कुलूप तुटल्याचे कळणारच नाही, त्याला चोरीची तक्रार नोंदविण्याचा हक्क देण्यासारखे हे आहे.

४. लेखापरीक्षणाचा आरसा

फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी या विषयावरील अहवाल प्रसिद्ध केला. फ्रेस्नो आणि लॉस एंजेलिस ही शहर पोलीस दले व मरीन आणि सॅक्रामेंटो या परगण्यांची शेरीफ कार्यालये अशा चार यंत्रणांची त्यात तपासणी करण्यात आली. शिवाय राज्यभरातील ३९१ पोलीस व शेरीफ विभागांची पाहणी झाली. त्यांपैकी २३० विभाग ही यंत्रे वापरत असल्याचे आढळले.

अहवालातील निष्कर्ष विचारप्रवर्तक आहेत. कायदा लागू होऊन चार वर्षे लोटल्यानंतरही लॉस एंजेलिसच्या पोलीस दलाकडे या यंत्रांविषयी स्वतंत्र धोरणच नव्हते. इतर तिघांकडे धोरणे होती. परंतु कायद्याने सांगितलेल्या सर्व बाबी त्यांत नव्हत्या. माहितीत कोण शोध घेतो याच्या नोंदींची पुरेशी तपासणी केली जात नव्हती. काही यंत्रणांनी आपली माहिती शेकडो इतर संस्थांना खुली केली होती, आणि त्या संस्था कोण आहेत व त्यांना ती कशासाठी हवी याची पडताळणी अपुरी होती.

सर्वांत बोलका आकडा लॉस एंजेलिसचा आहे. त्या दलाकडे ३२ कोटी छायाचित्रांचा साठा होता. त्यांपैकी नोंद घेतली गेली त्या वेळी शोधयादीशी जुळलेली छायाचित्रे सुमारे ४ लाख. म्हणजे साठ्यातील ९९.९ टक्के नोंदी अशा वाहनांच्या होत्या, ज्यांच्याविषयी नोंद घेताना पोलिसांचा कोणताही संशय नव्हता. आणि या नोंदी किमान पाच वर्षे ठेवल्या जात होत्या.

या आकड्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. ९९.९ टक्के नोंदी निरुपयोगी होत्या असे त्यावरून सिद्ध होत नाही. आज न जुळलेला क्रमांक उद्याच्या तपासात महत्त्वाचा ठरू शकतो. परंतु या यंत्रणेचे प्रत्यक्ष कार्य काय, हे मात्र त्यावरून निश्चित कळते. संग्रहाच्या दृष्टीने पाहता ही संशयितांची नोंदवही उरत नाही. ती निःसंशयितांची नोंदवही आहे व त्यात संशयित अपवादाने आढळतात. लेखापरीक्षकांनी विधिमंडळाला शिफारस केली ती याच मर्मावर बोट ठेवणारी होती : साठवणुकीची कमाल मुदत कायद्याने ठरवावी आणि वापराची तपासणी किती वेळा व्हावी हेही कायद्यानेच सांगावे.

येथे आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. धोरण न लिहिणे हे अंमलबजावणीचे अपयश होय. पाच वर्षांची साठवण मात्र कायद्याचा भंग नव्हती. कायद्याने तिला मनाई केलेलीच नव्हती. अंमलबजावणी शंभर टक्के झाली असती, तरी ती ३२ कोटी छायाचित्रे जशीच्या तशी राहिली असती.

५. न्यायालये आणि विधिमंडळ

कायदा अपुरा असेल तेथे न्यायालय नागरिकाचे रक्षण करील अशी अपेक्षा असते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१७ साली आलेल्या प्रकरणात नागरी हक्क संघटनांनी लॉस एंजेलिस शहर व परगणा येथील एका आठवड्याच्या नोंदी मागितल्या होत्या. शहर पोलीस आठवड्याला सुमारे १२ लाख वाहनांची नोंद घेत होते. या नोंदी तपासाची कागदपत्रे असल्याने त्या उघड करता येणार नाहीत असा पोलिसांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो अमान्य केला. कोणत्याही विशिष्ट गुन्ह्याच्या संशयाविना सरसकट घेतलेल्या नोंदी म्हणजे 'तपास' नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. त्याच वेळी या नोंदी आहेत तशा उघड केल्यास वाहनचालकांच्या खासगीपणास धोका पोहोचेल हेही न्यायालयाने मान्य केले. या दोन विधानांची सांगड घातली की एक अस्वस्थ करणारा निष्कर्ष हाती येतो : जी माहिती जनतेच्या हाती देण्याइतकी निरुपद्रवी नाही आणि तपासाचा भाग म्हणण्याइतकी नेमकीही नाही, ती शासन वर्षानुवर्षे बाळगून आहे.

संघीय पातळीवर २०१२ च्या जोन्स खटल्यात वाहनाला उपग्रहाधारित मागोवा यंत्र लावून २८ दिवस केलेल्या पाळतीचा, तर २०१८ च्या कार्पेंटर खटल्यात मोबाइल फोनच्या मनोऱ्यांवरून मिळणाऱ्या जुन्या स्थाननोंदींचा विचार झाला. सार्वजनिक ठिकाणी वावरले म्हणून माणूस आपल्या हालचालींच्या समग्र नोंदीवरील खासगीपणाचा हक्क गमावत नाही, ही दिशा कार्पेंटर निर्णयाने स्पष्ट केली. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ही दिशा क्रमांक-वाचक यंत्रांना लावून पाहिली. त्या प्रकरणात केप कॉडकडे जाणाऱ्या दोन पुलांवरील चार कॅमेऱ्यांच्या नोंदी होत्या. पुरेशा ठिकाणी पुरेसे कॅमेरे असतील तर घटनात्मक संरक्षण जागृत होईल. मात्र चार कॅमेऱ्यांनी ते होत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

हा निर्णय तर्कशुद्ध आहे, परंतु त्यातून न्यायालयीन मार्गाची मर्यादाही दिसते. चार कॅमेरे पुरेसे नाहीत. मग चाळीस की चारशे? न्यायालय समोरच्या खटल्यापुरते बोलते. कॅमेऱ्यांची संख्या मात्र खटल्याची वाट न पाहता वाढत जाते. मुदतीचा आकडा ठरविणे हे स्वभावतः विधिमंडळाचेच काम आहे.

कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने हे काम करण्याचा प्रयत्न केला नाही असे नव्हे. शोधयादीशी न जुळलेल्या नोंदी २४ तासांत नष्ट कराव्यात असे सुचविणारे विधेयक २०२१ साली मांडले गेले. ते संमत होऊ शकले नाही. ६० दिवसांची मर्यादा घालणारे दुसरे विधेयक २०२५ साली दोन्ही सभागृहांत संमत झाले, परंतु ऑक्टोबर २०२५ मध्ये गव्हर्नर गेविन न्यूसम यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. दरम्यान माहिती राज्याबाहेर देण्याविषयीचे वाद चालूच राहिले. मरीन परगण्याच्या शेरीफविरुद्ध नागरिकांनी २०२१ साली दावा केला आणि २०२२ साली झालेल्या तडजोडीत राज्याबाहेरील व संघीय यंत्रणांना माहिती न देण्याचे त्या कार्यालयाने मान्य केले. राज्याच्या महाधिवक्त्यांनी २०२३ साली कायद्याचा हाच अर्थ स्पष्ट करणारे पत्रक काढले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एल काहोन या शहराविरुद्ध याच कारणासाठी दावा दाखल केला. कायदा झाल्यावर दहा वर्षांनी राज्यालाच आपल्या एका शहराविरुद्ध न्यायालयात जावे लागावे, हे बरेच काही सांगून जाते. साठा अस्तित्वात असला की तो मागणारे निर्माण होतात; आणि दरवाजावर कितीही पहारे बसविले तरी कोणी ना कोणी तो उघडतो.

६. दोन निराळे मार्ग

याहून भिन्न विचार शक्य आहे याची दोन उदाहरणे येथे नमूद करणे अगत्याचे आहे. अमेरिकेतीलच न्यू हॅम्पशायर राज्याने २०१६ साली केलेल्या कायद्यानुसार न जुळलेली नोंद तीन मिनिटांच्या आत पुसावी लागते. तेथे यंत्र शोधाचे काम करू शकते. संग्रहाचे करू शकत नाही. व्हर्जिनिया राज्याने २०२५ साली २१ दिवसांची मर्यादा घातली. तीन मिनिटे, २१ दिवस आणि पाच वर्षे या मुदती एकाच देशात, एकाच यंत्रासाठी आहेत. यावरून मुदत ही तंत्राची गरज नसून धोरणात्मक निवड आहे, हे पुरेसे स्पष्ट होते.

दुसरे उदाहरण जर्मनीचे. तेथील संघीय संविधान न्यायालयाने १९८३ सालच्या जनगणनेविषयीच्या निर्णयात आपल्याविषयीच्या माहितीवर व्यक्तीचे नियंत्रण असण्याचा मूलभूत हक्क मान्य केला होता. त्याच आधारावर ११ मार्च २००८ रोजी हेसन व श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्यांच्या क्रमांक-वाचनविषयक तरतुदी न्यायालयाने रद्द केल्या. मात्र न जुळलेली नोंद तत्काळ व मागमूस न ठेवता पुसली गेल्यास हक्कावर आक्रमण होत नाही, असे त्या वेळी न्यायालयाचे मत होते. १८ डिसेंबर २०१८ च्या निर्णयात न्यायालयाने हे मतही मागे घेतले. नोंद क्षणार्धात पुसली गेली तरी प्रत्येक वाहनाची तपासणी झालेली असते, सबब ते प्रत्येक वाहनचालकाच्या हक्कावरील आक्रमण होय आणि त्याला पुरेसे वजनदार कारण असले पाहिजे, अशी नवी भूमिका न्यायालयाने घेतली. मनास वाटेल तशी शासकीय नोंद न होता फिरता येणे हे मुक्त समाजाचे लक्षण आहे, हा त्यामागचा विचार आहे.

येथे दोन विचारपद्धतींतील अंतर लक्षात येते. जर्मन न्यायालयाचा वाद क्षणभराच्या तपासणीविषयी आहे. कॅलिफोर्नियातील वाद पाच वर्षांच्या साठवणुकीविषयी. एका ठिकाणी समर्थनाची जबाबदारी शासनावर आहे; दुसऱ्या ठिकाणी आपले नुकसान सिद्ध करण्याची जबाबदारी नागरिकावर.

७. पोलिसांची बाजू

पोलिसांची भूमिका दुर्लक्षिण्याजोगी नाही. खून वा अपहरणाचा गुन्हा घडल्यानंतरच त्या रस्त्यावरून कोण गेले हे पाहण्याची गरज निर्माण होते आणि तोवर नोंद पुसली गेलेली असेल तर एक महत्त्वाचा धागा कायमचा तुटतो. गुन्हा काही वेळा महिन्यांनंतर उघडकीस येतो. हा युक्तिवाद प्रामाणिक आहे. पीडित व्यक्तीच्या नातलगांपुढे खासगीपणाची तात्त्विक चर्चा करणे सोपे नसते, याची जाणीव अभ्यासकाने ठेवली पाहिजे.

परंतु या युक्तिवादाला स्वतःची सीमा नाही. 'उद्या उपयोगी पडेल' हे कारण प्रत्येक नोंदीला, प्रत्येक मुदतीला लागू पडते. घराघरांतील संभाषणेही उद्याच्या तपासात उपयोगी पडू शकतात. म्हणून ती नोंदवावीत असे कोणी म्हणत नाही. उपयुक्तता हे समर्थनाचे आवश्यक अंग असले तरी ते पुरेसे नव्हे. शिवाय मुदत उपयुक्ततेवरून ठरवावयाची तर ती मोजली पाहिजे. तपासात उपयोगी पडलेल्या नोंदी किती दिवसांपूर्वीच्या होत्या हे पोलीस दलांना आपल्याच शोधनोंदींवरून काढता येईल. परंतु साठवणुकीची मुदत प्रत्यक्ष उपयोगाच्या आधारे निश्चित केल्याचे लेखापरीक्षणात आढळले नाही. मोजमाप न करता मागितलेली मुदत ही गरज नसून सवय ठरते. विशिष्ट गुन्ह्याच्या तपासासाठी विशिष्ट नोंदी राखून ठेवण्याचा अपवाद कायद्यात करता येतो; महामार्ग पोलिसांच्या ६० दिवसांच्या तरतुदीत तो आहेच.

८. आपल्या संदर्भात

हा विषय आता महाराष्ट्राला परका राहिलेला नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६-अ समाविष्ट झाले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७-अ आला. इलेक्ट्रॉनिक साधनांच्या त्यातील व्याख्येत क्रमांक-वाचक यंत्राचा स्पष्ट उल्लेख आहे. मुंबई–पुणे द्रुतगती महामार्गावर २०२४ पासून अशा कॅमेऱ्यांच्या आधारे ई-चलने निघत आहेत. रस्ते-सुरक्षेचा हा हेतू स्तुत्यच आहे. चलनासाठी घेतलेली इलेक्ट्रॉनिक नोंद चलनाचा निपटारा होईपर्यंत जपावी असे नियम सांगतो. परंतु जे वाहन नियम पाळून गेले त्याच्या नोंदीचे काय, हा प्रश्न या वाक्याने सुटत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले आणि त्यावरील मर्यादा कायद्यावर आधारित, योग्य हेतूसाठी व प्रमाणशीर असावी असा दंडक घातला. त्यानंतर आलेल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. उद्देश संपल्यावर माहिती पुसावी असे बंधन या कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे. मात्र गुन्ह्याचा प्रतिबंध, शोध, तपास वा खटला यांसाठी होणाऱ्या वापराला कलम १७ ने जी सूट दिली आहे, तिच्यातून सुरक्षिततेचे बंधन शिल्लक राहते आणि पुसण्याचे बंधन गळून पडते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात जे क्रियापद आज्ञा म्हणून आलेच नाही, ते आपल्या कायद्यात आले. पण नेमके पोलिसांपाशी येऊन थांबले. परिणाम मात्र समान होण्याचा संभव आहे.

समारोप

कॅलिफोर्नियाच्या कायद्याचा अभ्यास एका राज्याच्या चुकांची यादी म्हणून करण्याचे कारण नाही. पारदर्शकतेचा बहुतांश साज असूनही नियमन पोकळ कसे राहू शकते याचा तो वस्तुपाठ आहे. धोरण लिहिणे, ते प्रसिद्ध करणे, शोधाची नोंद ठेवणे या सर्व बाबी साठा राहणारच हे गृहीत धरून चालतात. साठा असावा का आणि किती काळ, हा त्याआधीचा प्रश्न त्यांत विचारला जात नाही.

या विवेचनावरून चांगल्या कायद्यासाठी तीन कसोट्या सुचविता येतील. न जुळलेल्या नोंदीची कमाल मुदत कायद्यानेच अंकांत सांगावी. ती वाढविण्याची मागणी करणाऱ्याने प्रत्यक्ष उपयोगाचा हिशेब द्यावा. आणि शोधनोंदींची तपासणी पोलिसांखेरीज अन्य स्वतंत्र यंत्रणेने ठरावीक काळाने करावी. यांतील पहिली कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे. ज्या नोंदी पुसल्या गेल्या आहेत त्यांचा गैरवापर होत नाही, त्या चुकीच्या हाती पडत नाहीत आणि त्यांच्या रक्षणासाठी धोरणही लिहावे लागत नाही.